हिंगुळाच्या पिशवीतला साप

भाद्रपद जवळ आला की लोकांच्या पोटात मोदक जातात, माझ्या पोटात गोळा येतो. बाजारात केवडा दिसला, ओल्या रंगाचा वास आला, की हातापायांना मुंग्या येतात. मुंग्याही साध्यासुध्या नव्हेत, चांगल्या मुंगळ्याएवढ्या.

संसार रोह्याला केला, पण मी मूळची पेणची, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली. कारखाना म्हणजे भोंगा आणि धुराडं नव्हे. पेणमध्ये गणपती जिथे घडतात त्याला कारखानाच म्हणतात. श्रावणात आमच्याकडे मूर्ती इतक्या, की माणसाला बूड टेकायला जागा नसे. आम्ही भावंडं गणपतीच्या मांडीवर बसून अभ्यास करायचो आणि गणितात नापास व्हायचो, कारण सोंड मध्ये आल्यामुळे अर्धी बेरीज दिसायचीच नाही. हे थोडं वाढवून सांगितलं. माझी ती खोड आहे. माझे वडील, आबा, चारचौघांत म्हणायचे, "हिने सांगितलेल्यातलं निम्मं धरमतरच्या खाडीत सोडून द्यावं. उरलेलं निम्मं ओहोटी आपोआप नेते."

पण एका गोष्टीला आबा माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नसत, ती म्हणजे डोळ्यांची आखणी. मूर्ती घडली, वाळली, रंगली तरी डोळे नसले की ती माती. ब्रशाच्या टोकाला केसाएवढा रंग घ्यायचा, श्वास धरायचा आणि एका दमात पापणीची रेघ ओढायची. रेघ हलली की देव तिरळा. तिरळा देव ज्या घरी जाईल तिथली माणसं वर्षभर एकमेकांवर संशय घेतात, असं मी लहानपणी गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि बायाबापड्या चष्मा लावून मूर्ती तपासायच्या. तोंडाने मी वाटेल ते बोलत असेन, पण रेघ माझी कधी खोटी गेली नाही.

या रेघेपायीच लग्न जमलं म्हणा ना. रोह्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारे एक मास्तर मला बघायला आले आणि मला बघायचं सोडून मी आखत असलेला डोळाच बघत बसले. मग म्हणाले, "तुम्हाला सापाचे खवले मोजता येतील." माझी आई स्वयंपाकघरात मटकन बसली. मला मात्र गंमत वाटली. आजवर कुणी माझे केस बघितले होते, कुणी रंग बघितला होता. नजर बघितलेली पहिल्यांदाच.

मास्तरांना वेड होतं डोंगरावरच्या सापांचं. नागाला पंचमी आहे, घोणशीला दरारा आहे, धामणीला उंदीर खाल्ल्याचं पुण्य आहे. पण कातळाच्या सांदीत, कारवीच्या मुळाशी, धुक्यात राहणारे बोटभर साप असतात. त्यांना कुणी धड नावानं हाकही मारत नाही. खापरखवल्या घ्या. जन्म मातीत जातो, पावसाने बिळं भरली की बिचारा वर येतो, आणि शेपूट अशी, जणू कुणी विळीवर चिरून टाकली आहे. लोक त्याला दोन तोंडांचा समजून ठेचतात. "त्यांची नोंद झाली नाही तर ते होते हेसुद्धा कुणाला कळणार नाही," मास्तर म्हणायचे. म्हणून आमच्या फडताळात वरच्या फळीवर लोणची आणि खालच्या फळीवर स्पिरिटमधले साप. एका पाहुण्यांनी मिरची समजून खालची बरणी उघडली होती. ते अजून आमच्या गल्लीतून जाताना पदार्थाचा वाससुद्धा घेत नाहीत.

रात्री जेवणं झाली की कंदिलाजवळ भिंग घेऊन मी खवले बघायचे आणि मास्तर लिहून घ्यायचे. त्यांचा पहिला धडा मला पाठ होता. सापाला रंगावरून ओळखायचं नाही. रंग म्हणजे नेसलेलं लुगडं. एकाच जातीत एक हिरवा असतो, दुसरा तपकिरी, कात टाकायला आलेला निळसर. खवले म्हणजे अंगाची वीण, ती बदलत नाही. पाठीवर किती ओळी, पोटाखाली किती पट्ट्या, आणि शेपटीखालचे खवले एकेरी की जोडीचे. एवढं कळलं की साप आपलं नाव स्वतः सांगतो. ज्याने हा धडा मला शिकवला तोच माणूस एका भाद्रपदाच्या तोंडावर लाल रंगाला भुलला. त्याचं मला हसू येतं, पण ते हसू घशाच्या वर कधी आलं नाही.

त्या वर्षी मी नेहमीसारखी हंगामाला पेणला गेले होते. शनिवारी शाळा आटपून मास्तर यायचे, त्याऐवजी ते शुक्रवारीच आले, आणि सकाळी महालमिऱ्याच्या डोंगरावर निघाले. बरोबर काशा, डोंगराच्या पायथ्याशी भात आणि वाल लावणारा शेतकरी. काशाला साप धरण्यात काही विशेष वाटत नसे. तो म्हणायचा, "मी बगा बैल धरतो, पोरं धरतो, सापाला काय शिंगं हायत?"

मास्तरांची सापाची पिशवी उंदरांनी कुरतडली होती. खुंटीला आबांची एक पिशवी होती, करड्या कापडाची, रिकामी. त्यांनी ती उचलली. पेणचा कुठलाही माणूस, अगदी तान्हं मूलसुद्धा, ती उचलण्याआधी दहादा विचार करील. कारण आमच्याकडे हंगामात रंगाची पिशवी धुवायची नसते. कोरडा रंग पिशवीतून चाळतात, उरलेला कापडाच्या विणीत मुरून बसतो, गरज पडली की झटकून वापरतात. पिशवी धुतली म्हणजे बरकत धुतली. आणि रंगाची बाजू नेहमी आत. बाहेरून पिशवी संन्याशासारखी दिसते, आत सगळी होळी. त्या पिशवीच्या आत होता हिंगूळ, पितांबराच्या काठाला लावतात तो लालभडक रंग. रोह्याच्या जावयाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला जे जन्मापासून ठाऊक असतं ते दुसऱ्याला सांगायचं असतं, हे मुळी सुचतच नाही.

दुपारी मी ओळीने मांडलेल्या मूर्तींचे डोळे आखत होते. बाहेर काशाची हाक आली, "ताय! भाईर ये गो! मास्तरांना लागलंय!" मी बाहेर आले. मास्तर काशाच्या खांद्याला टेकून उभे. उजव्या हाताचं बोट वर धरलेलं, मनगटापर्यंत हात फुगलेला. आणि चेहरा? चेहऱ्यावर असा आनंद, जणू बारशाचे पेढे वाटायला आलेत.

"लाल आहे!" ते म्हणाले. "संपूर्ण लाल! छोटा, जाड, डोकं त्रिकोणी. असा सह्याद्रीत कुणी पाहिलेला नाही!"

"चावला?"

"चावला ना. पण लाल आहे!"

काशाने काठीने ढकलत, कारवीच्या पाल्यासकट, साप सरळ पिशवीत सारला होता. धुकं दाट, पाऊस चालू. मास्तरांना आधी शेपटीचं टोकच काय ते दिसलं. मग खाली झाडाखाली थांबून त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, आत लालबुंद साप दिसला, आणि विसाव्या वर्षापासून ज्याची वाट बघितली तो आला असं वाटून त्यांचं भान सुटलं. बोट जरा जास्तच आत गेलं. काशाने करकचून बांधायला दोरी काढली होती, ती तेवढी मास्तरांनी बांधू दिली नाही.

आबा धावत शिमशोनकाकांकडे गेले. काका आमच्या आळीतले. त्यांच्या ज्यू लोकांची, इस्रायली तेल्यांची, पूर्वी बरीच घरं होती. एकेक करून सगळे इस्रायलला गेले, मागे राहिले काका आणि त्यांचा टेम्पो. शनिवार त्यांचा पाळायचा वार, त्या दिवशी ते चूलही पेटवत नसत, टेम्पो कुठला काढणार? आबा दारात घुटमळले. "शिमशोन, आज शनिवार हाय, पण…"

"जीवापुढे शनिवार कसला?" काका पायात चपला सरकवत म्हणाले. "देवाला काय समजत नाय काय? चल गो पोरी, बस."

टेम्पोत मुंबईला जायच्या कच्च्या मूर्ती भरलेल्या. बिनरंगाच्या, बिनडोळ्यांच्या. त्यांच्यामध्ये मी, आबा आणि काशाने मास्तरांना बसवलं. रामवाडीच्या अलीकडे रस्त्याला खड्डे, प्रत्येक खड्ड्याला पन्नास गणपती माना डोलवायचे, आणि एकालाही आमच्याकडे बघायला डोळे नाहीत. मास्तर बोलतच होते. "नाव द्यायचा मान माझा. तुझं नाव देईन. सुमतीचा साप!" माहेरी बाकीच्या मुलींना चांदीची वाटी मिळते, मला साप मिळत होता. मी हसले. मग पावसाने भिजलेल्या पिशवीचा कोपरा धरला, आणि माझा अंगठा लाल झाला.

तो हिंगूळ होता. ती आबांची पिशवी होती. हे मला कळलं आणि मी अंगठा पदरात लपवला. मास्तरांच्या हातात कळा येत होत्या, कपाळावर घाम होता, आणि त्या माणसाला बसतं ठेवणारी एकच गोष्ट होती, तो लाल रंग. ती काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण, पण पाण्यासारख्या शांत. त्यांनी हात पाहिला, काचेच्या नळीत रक्त काढून ती उभी ठेवली आणि विचारलं, "साप कोणता?"

"नवीन आहे," मास्तर म्हणाले. "शास्त्राला ठाऊक नसलेला."

"शास्त्राचं नंतर बघू. फुरसं होतं का, ते सांगा. फुरसं असेल तर माझ्याकडे लस आहे. डोंगरातला चापडा असेल तर ही लस त्याच्यावर चालत नाही. आणि उगाच दिली आणि लसच अंगावर उठली तर तोही जीवाचा खेळ आहे."

हे ऐकलं आणि माझ्यात काय झालं ते सांगते, यात वाढवलेलं काही नाही. फुरसं म्हणजे कोकणातला सर्वांत जास्त माणसं मारणारा साप. आणि मी, नवऱ्याशेजारी उभी राहून, मनात म्हणत होते, देवा, फुरसंच असू दे. जहरी असू दे, पण ज्याला औषध आहे तो असू दे.

"काशा, तू धरलास. रंग कोणता होता?" मी विचारलं.

"पाल्याचा."

"हिरवा पाला की वाळका?"

"भिजलेला," काशा म्हणाला. "धुकं होतं ताय. मी काय त्याला नवरीवानी निरखून घेतला काय?"

मग सांगणं भागच होतं. मी पदरातून अंगठा काढला. "मास्तर, हा रंग सापाचा नाही. पिशवीत हिंगूळ होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोंगर चढताना दम लागलेला माणूस टेकायला दगड शोधतो ना, तसे. मग डोळे मिटले. मला वाटलं, विषाने जे केलं नाही ते माझ्या वाक्याने केलं. पण थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, आणि आवाज वर्गातला झाला. "मग रंग सोड. शेपटीखाली बघ. फुरशाचे एकेरी असतात. चापड्याचे जोडीचे."

घरून आईची पोह्याच्या पापडांची काचेची बरणी मागवली. काशाने पिशवीचं तोंड बरणीला लावून साप आत सोडला, वर पाणी ओतलं, झाकण लावलं. पाणी लाल झालं. ते ओतून टाकायचं, पुन्हा नवं भरायचं. दवाखान्याच्या मोरीतून असा लाल लोट वाहिला, की ओट्यावर बसलेले पेशंट आपापला आजार विसरून घरी गेले. शेवटी खाली मातकट तपकिरी साप उरला. साधा. चिडलेला. त्याने शेपूट काचेला दाबली, आणि मी खालून, जमिनीवर आडवी होऊन बघितलं.

डोळा आखताना धरते तसा श्वास धरला. खवल्यांच्या मधून एक रेघ जात होती. बारीक, नागमोडी, टोकापर्यंत.

त्या क्षणी 'एकेरी' म्हणायला जीभ नुसती वळवळत होती. म्हटलं असतं की लस मिळाली असती. आयुष्यभर मी मूर्तीएवढ्या थापा मारल्या, एक मोहरीएवढी मारली तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"काय दिसतं?" मास्तरांनी विचारलं.

"जोडीचे."

"हिच्या बोलण्यावर जाऊ नका हो, डॉक्टर!" आबा रडवेले होऊन म्हणाले. "ही सांगते त्यातलं निम्मं… तुम्ही द्या ती लस!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

मी काही बोलायच्या आत मास्तर म्हणाले, "जोडीचे म्हणते ना, मग जोडीचे. चापडा. तपकिरी असतो कधीकधी. लस नको."

आणि ते कुशीवर वळले. जणू वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आलं आणि तास संपला.

माझा मात्र तिथून सुरू झाला. बाकावर बसले आणि मनात एक किडा शिरला. ती रेघ खवल्यांची होती की रंगाची? हिंगूळ कुठल्याही भेगेत मुरून बसतो. मूर्तीच्या बोटांच्या बेचक्यांतून तो काढता काढता आमच्या नखांचा भुगा होतो. एकेरी खवल्यावर रंगाची एक ओळ वाळली असेल आणि मला जोड दिसली असेल तर? पुन्हा बघावं म्हणून बरणीजवळ गेले, तर साप वेटोळं घालून शेपूट पोटाखाली घेऊन बसलेला. मी त्याला विनवलं, शिव्या दिल्या, नवस बोलले. शेपूट काही दाखवीना. सूज मनगटावरून कोपराकडे चढत होती. माझं एक वाक्य त्या हातातून वर चढतंय असं मला वाटत होतं.

उन्हं कलली. मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, "बाई, मी सांगितलं ते रंगामुळे चुकलं असेल तर?"

त्यांनी काचेची नळी उचलून आडवी केली. आतलं रक्त जागचं हललं नाही, दह्यासारखं बसलेलं. "फुरशाचं विष असतं तर हे पाण्यासारखं पातळ राहिलं असतं," त्या म्हणाल्या. "पण आत्ता बसलं म्हणजे पुढे बसेलच असं नाही. थोड्या वेळाने पुन्हा बघू."

पुन्हा बघू. या दोन शब्दांच्या खुंटीला मी टांगून राहिले. पुन्हा रक्त, पुन्हा नळी, पुन्हा ती आडवी होताना माझे डोळे मिटलेले. सकाळी सूज कोपराशी थांबली होती. मास्तरांनी चहा मागितला, आणि पहिला घोट घेऊन म्हणाले, "लाल असता तर बरं झालं असतं." इतकंच. त्यानंतर त्यांनी त्या रंगाचं नाव कधी काढलं नाही. काशा बरणीसकट साप डोंगरावर सोडून आला. साप गेला याचं कुणाला काही नाही, आईला बरणीचं दुःख झालं.

आता पेणच्या कारखान्यात भाचे फवाऱ्याने रंग मारतात. पिशव्या गेल्या, खुंट्या गेल्या. सापांचे फोटो काढता येतात, बोट घालावं लागत नाही. खांब गावाच्या बाजूला हमरस्ता असा रुंद केलाय की पलीकडचा माणूस हाक मारली तर उद्या वळून बघतो. तरी भाद्रपद आला की माझी नजर कशाच्याही मधली रेघ शोधते. वालाच्या शेंगेची, पापडाच्या तड्याची. एकेरी की जोडीची? मी बरोबर होते हे कळून इतकी वर्षं झाली, पण जिवाला कुठे कळतंय? बरोबर असण्यानेसुद्धा माणसाची झोप जाते, हे मला त्या सापाने शिकवलं.

एकदा मी मास्तरांना विचारलंच. "साऱ्या पेणला ठाऊक मी थापाडी आहे. सख्ख्या बापाचा विश्वास बसला नाही. तुम्ही जीव कसा ठेवलात हो माझ्या शब्दावर?"

ते पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "माणूस थाप मारतो तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, पटतंय का म्हणून. तू तेव्हा सापाकडे बघत होतीस."

आज सकाळी मास्तर काठी घेऊन निघाले. गुडघे गेलेत, एक कान गेलाय, डोंगर काही जात नाही. मी विचारलं, कुठवर जाणार?

"इथे पायथ्याशीच," मास्तर म्हणाले. "वर नाही चढणार."

आणि असं म्हणताना ते माझ्या डोळ्यांत बघत होते.